रोज संध्याकाळी जाणारी बेल

“पाव्हणं, आता उतरा खाली. दिवेलागण व्हायच्या आत गणपतीला जाऊन या,” सासूबाई म्हणाल्या.

मी स्टुलावर उभा होतो. हातात स्क्रू ड्रायव्हर, दातांत दोन स्क्रू आणि नाकासमोर ती बेल. बेलवरचा दिवा छान निळा लागलेला होता. निळा म्हणजे प्रकृती ठीक आणि लाल म्हणजे संपर्क तुटला, एवढं ज्ञान मला दिवसभरात झालं होतं. सबंध दुपार मी बेलचे स्क्रू काढून परत तेच बसवले होते, आणि त्यामुळेच ती सुधारली असावी असा माझा समज झाला होता.

“उद्या जातो की,” स्क्रू दातांतून काढत मी म्हणालो.

“उद्या कशाला? आज मंगळवार हाय. जावई घरात असून देवाला गेला न्हाई, बरं दिसतं का ते? हा नारळ घ्या. आणि गेल्यासारखं आरती घेऊनच या.”

जावयाची मोठी पंचाईत असते. सासुरवाडीला त्याला कोणी काम सांगत नाही, त्यामुळे कधी नव्हे ते सांगितलेलं काम त्याला टाळताही येत नाही. मी नारळ घेतला आणि मुकाट्याने चपला घातल्या. देवळात आरती सुरू झाली आणि खिशातला फोन थरथरू लागला. कॅनडाहून माझा मेहुणा, रणजित.

“दाजी, परत गेली!”

“कोण गेली?”

“बेल! ऑफलाइन दाखवतंय. काय केलंत तुम्ही?”

मी काय केलं होतं? नारळ वाढवला होता. तसं त्याला सांगून उपयोग नव्हता. लगबगीने घरी आलो तर दार बंद, बेलचा दिवा निळा. दाबली तर वाजली. आतून सासूबाईंनी दार उघडलं आणि तेवढ्यात रणजितचा परत फोन.

“आली आता. दिसताय तुम्ही. नाकाला गुलाल लागलाय.”

मी नाक पुसलं. सासूबाई म्हणाल्या, “च्या टाकते,” आणि आत गेल्या.

या गोष्टीला आता सहा-सात वर्षं झाली. सासूबाई तेव्हा कराडला एकट्या राहत होत्या. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात सासूबाई रात्री मागच्या अंगणात घसरून पडल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून माझी बायको राजश्री आणि रणजित या भावंडांची झोप उडाली होती. घराला कुलूप लावायचं आणि आईला आमच्याकडे पुण्याला आणायचं, असं दोघांनी ठरवूनही टाकलं. सासूबाई ऐकेनात. “मला माझ्या घरातनं हलवू नका,” एवढं एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी रणजितने मधला मार्ग काढला. दाराशी कॅमेऱ्याची, वाय-फायवर चालणारी बेल लावायची. कोण आलं, कोण गेलं ते आम्हा सगळ्यांना फोनवर दिसणार, बोलताही येणार. बेल नीट चालली तर आई कराडला, नाही चालली तर नाताळच्या आत पुण्याला. सासूबाईंनी हे कबूल केलं होतं.

आणि बेल लावल्या दिवसापासून रोज संध्याकाळी जात होती.

मला पाठवण्याचं कारण असं की मी शाळेत भूगोल शिकवतो आणि मला दिवाळीची सुट्टी होती. शिवाय लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंचा मिक्सर दुरुस्त केला होता. त्याची पिन सैल झाली होती, ती मी आत दाबली. तेवढ्यावर त्या घराण्यात मी यंत्रांतला जाणकार ठरलो, आणि ती प्रतिष्ठा खोटी आहे हे सांगण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलू लागली.

“सर, राउटर बंद करून चालू केला का?”

“केला.”

“पासवर्ड परत टाकला?”

“टाकला.”

“बेल जाते कधी, सर?”

“संध्याकाळी. रोज.”

“आणि मग कोण दुरुस्त करतं?”

“कोणी नाही. थोड्या वेळाने आपोआप येते.”

 “सर, म्हणजे मग चांगलंच आहे ना,” ती म्हणाली.

मी फोन ठेवला. बेल बसवणारा इलेक्ट्रिशियन येऊन गेला. त्याने वायर ओढून पाहिली, बेलवर टिचकी मारली, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी राउटर टीव्हीवरून काढून शोकेसवर ठेवला, शोकेसवरून परत टीव्हीवर ठेवला. कशाने काय होतंय तेच कळत नव्हतं. दिवसभर बेल इतकी शहाण्यासारखी वागत होती की मला तिचा राग यायला लागला.

दुपारी रणजितने एक चित्र पाठवलं. आदल्या संध्याकाळी बेल बंद पडण्यापूर्वी कॅमेऱ्याने टिपलेलं. त्यात काहीच नव्हतं, नुसता काळपट फराटा. मागून त्याचा फोन आला. सासूबाई परातीत पीठ मळत होत्या, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला.

“दाजी, रोज शेवटचं चित्र असंच येतं. कळलं का काय चाललंय ते? कोणीतरी कॅमेऱ्यावर काहीतरी धरतंय.”

“कोण धरणार?”

“कोण म्हणजे? समोरची!”

समोरची म्हणजे सासूबाईंची थोरली जाऊ, रत्नाकाकू. दोन भावांनी मोठ्या हौसेने एकमेकांकडे तोंड करून ही दोन घरं बांधली होती, एकाने हाक मारली की दुसऱ्याने ओ द्यावी म्हणून. पुराच्या भीतीने दोन्ही घरांची जोती चांगली उंच घेतलेली. पुढे मळ्यातल्या विहिरीवरून भावांचं बिनसलं. मध्ये भिंत आली, दावा उभा राहिला, एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायला कोर्टाची मनाई आली. दोन्ही भाऊ गेले तरी दावा चालूच होता. रत्नाकाकूही आता समोर एकट्याच असायच्या, त्यांचा मुलगा नाशिकला. पण माझ्या सासुरवाडीत त्यांचं नाव कोणी घेत नसे. राजश्री ‘समोरची’ म्हणायची आणि रणजित ‘विरुद्ध पक्ष’ म्हणायचा. बेलचा कॅमेरा नेमका त्यांच्या दारावर रोखलेला होता, आणि रणजितला ते गैरसोयीचं वाटत नव्हतं.

“मी वकिलांशी बोलतो,” रणजित म्हणाला. “पोलिसांत तक्रार देऊ. आपल्या दारात येऊन कॅमेरा झाकते म्हणजे काय! मनाई मोडली की सरळसरळ.”

परातीतला हात थांबला. “तिनं न्हाई केलं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुला काय माहीत?”

“न्हाई केलं म्हंजी न्हाई केलं. उगा म्हातारीच्या दारात पोलीस नेऊ नकोस.”

“मग कोणी केलं?”

सासूबाईंनी पिठाचा गोळा उलटा केला आणि मुठीने दाबला. रणजितने मग मला बजावलं की दोन दिवसांत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर तो तक्रारही करणार आणि आईचं तिकीटही काढणार. फोन बंद झाल्यावर सासूबाई बराच वेळ पीठ मळत राहिल्या. कणीक केव्हाच मऊ झाली होती, आणि चार माणसांच्या पोळ्यांना पुरेल इतकी होती, पण आम्ही तर दोघंच होतो.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, “पाव्हणं, मंडईतनं मेथी आणता का? ताजी येती या वक्ताला.”

मी मेथी आणायला गेलो. बेल गेली. मेथी घेऊन आलो. बेल आली.

त्या रात्री जेवताना मला एकदम सुचलं. रस्त्यावरचे दिवे! आमच्या फाटकाबाहेरच्या खांबावरचा मोठा दिवा संध्याकाळी लागतो. तो लागताना विजेला काहीतरी झटका बसत असणार आणि त्या झटक्याने बेल मान टाकत असणार. मी हे सासूबाईंना अगदी समजावून सांगितलं, वर्गात वारे आणि दाब समजावून सांगतो तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आसंल,” त्या म्हणाल्या. “तुमी शिकल्यालं.”

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं का, हे मला तेव्हा नीट कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली तसं मी त्यांच्याकडे बघायला लागलो. आज काय निघतंय? त्या जरा वेळ घुटमळल्या. गणपती झाला होता, मेथी झाली होती.

“पाव्हणं, संगमावर फिरून या की. दिवसभर घरात बसून अंग आंबतं माणसाचं.”

“हो, निघतोच,” मी म्हणालो. मला बाहेरच जायचं होतं. खांबावरचा दिवा लागतो त्या क्षणी बेल जाते का, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून मी संगमाकडे न जाता फाटकासमोर रस्त्यापलीकडे इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, त्याच्या फळकुटाला टेकून उभा राहिलो. एक डोळा दिव्यावर, एक फोनवर.

आभाळ मावळतीला तांबूस झालं होतं. खांबावरचा दिवा अजून लागला नव्हता. आणि फोनवर ऑफलाइन अशी अक्षरं उमटली.

माझा सिद्धान्त तिथेच कोसळला. मी फोन हलवून बघितला. वर बघितलं, दिवा बंदच. मग, दुसरं काय बघायचं ते न सुचून, मी घराकडे बघितलं.

दार सताड उघडं होतं. सासूबाईंच्या घराला आत लाकडी दार आणि बाहेर लोखंडी पत्र्याचं जाडजूड सेफ्टी डोअर, रणजितनेच बसवून घेतलेलं. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. एरवी आम्ही ते जरासं ढकलून आत-बाहेर करायचो. आता ते पार मागे, भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं, आणि हललं तर म्हणून खाली वीट लावलेली. बेल त्याच भिंतीवर होती. दिसत नव्हती. पत्र्याच्या दाराने ती पुरती गिळली होती.

म्हणजे एवढंच! काळपट फराटा म्हणजे दार. मला इतका आनंद झाला की मी रस्ता ओलांडायला निघालो. दोन पावलं गेलो आणि थांबलो.

देवापुढे दिवा लावून सासूबाई दाराशी आल्या होत्या आणि उंबऱ्यावर बसल्या होत्या. हातात पाण्याचा स्टीलचा पेला. त्या समोर बघत होत्या. मीही तिकडे बघितलं. भिंतीपलीकडे, तेवढ्याच उंच जोत्यावर, रत्नाकाकूंचं दार सताड उघडं होतं. त्याही उंबऱ्यावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, हातात पेला घेऊन.

दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. हात हलवणं नाही, हसणं नाही. जरा वेळाने रत्नाकाकूंनी कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढली, चिमटीत धरून समोर दाखवली, तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या. सासूबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी आपली गोळी दाखवली, खाल्ली आणि पेला पालथा करून दाखवला. दोघी मग नुसत्याच बसल्या. खांबावरचा दिवा लागला तेव्हा रत्नाकाकू आधी उठल्या. त्यांचं दार लागल्यावर सासूबाईंनी पायाने वीट सरकवली आणि आपलं दार ओढून घेतलं. माझ्या हातातला फोन थरथरला. बेल आली होती.

मी संगमावर जाऊन आलो. खरंच गेलो, कारण लगेच घरात शिरायला मला नको वाटलं. वाटेत रणजितचा फोन येत राहिला, तो मी उचलला नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. मी समोर पाटावर बसलो. जावयाने सासूला असं काही विचारावं की नाही, मला कळत नव्हतं.

“दार उघडलं की बेल झाकली जाते,” मी म्हणालो. “पत्रा आड आला की वाय-फाय पोचत नाही.”

“व्हय की.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पयल्याच दिशी कळलं. दार लावलं की ते पोरगं फोन करून इचारतंय, आई, बेल बंद का केलीस म्हणून. मग काय, ध्यानात आलं.”

“अहो, मग मला सांगायचंत ना! तीन दिवस स्टुलावर चढतोय मी.”

“तुमी जावई. तुमाला कसं सांगायचं?” त्यांनी लसणीची साल फुंकली. “आज संगमावर गेला न्हाईसा तर.”

“नाही.”

 मग त्यांनीच सुरुवात केली. “ह्यांनी शपथ घातली होती मला. त्या घराशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाले. मी बोलले न्हाई. इतक्या वर्सांत एक शब्द न्हाई. तरी त्यांचं मेलेलं तोंड बघायला लागलंच.”

मी खाली पडलेल्या लसणीच्या साली गोळा करू लागलो.

“ते गेले त्या दिशी सगळं गाव आत आलं. थोरली न्हाई आली. कशी येणार? कोर्टाची मनाई. पर तिनं आपलं दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसली. दिवसभर बसली, पाण्याचा थेंब न घेता. मी रडत होते तिकडं बघत. तवापासनं ती दिवेलागणीला दार उघडती, मी उघडते. येवढंच.”

“आणि बोलत नाही?”

“न्हाई. शपथ हाय ना. पर बघायची शपथ कुठं घातलीया?”

“आणि एखाद्या दिवशी त्यांचं दार नाही उघडलं तर?”

“तर जाईन की! मग कसली शपथ आणि कसलं कोर्ट.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. तोवर त्यांनी कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, पदर सावरून बाजूला बघायच्या. “आता तुमीच सांगा पाव्हणं. बेल बंद पडली तर मला पुण्याला न्याल. चालू ऱ्हायली तर रणजितला हे दिसंल, आन मग तो काय करंल? वकिलाला सांगंल. तिच्या दारात पोलीस धाडंल. मला न्या म्हणता तर येते मी. माझं काय, आता किती दिस ऱ्हायलेत. पर ती एकटी पडंल.”

मला भयंकर वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. सासऱ्यांचा आला, रणजितचा आला, त्या विहिरीचा आला. मी नुसता मान हलवून उठलो.

सकाळी मी इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. बेल दाराजवळून काढली आणि फाटकाच्या खांबावर बसवली, रस्त्याकडे तोंड करून. राउटर खिडकीत ठेवला. वायर ओढायला दुपार झाली. सासूबाई अधूनमधून ओसरीत येऊन बघत आणि काही न बोलता आत जात. फक्त जेवताना त्यांनी मला न विचारता तिसऱ्यांदा तूप वाढलं.

रणजितला मी सांगितलं, “कारण सापडलं. दाराच्या आसपास फार लोखंड आहे. ते आड येतं, सिग्नल अडतो. फाटकावर उत्तम चालेल.”

“पण दाजी, फाटकावरून फक्त रस्ता दिसतो. त्यांचं दार दिसतच नाही आता.”

“रणजित, बेल आईसाठी लावलीय की त्यांच्या दारासाठी?”

तिकडे शांतता पसरली. मला वाटलं, संपर्क तुटला. मग तो म्हणाला, “तसं नाही.”

त्या दिवसापासून बेल एकदाही गेली नाही. नाताळ आला आणि गेला, सासूबाई कराडलाच राहिल्या. राजश्रीला मी काही सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगू नका असं म्हटलं नव्हतं, पण ते मला कळलं होतं. फोनवर आम्हाला दूधवाला दिसायचा, पोस्टमन दिसायचा, रस्त्यावरच्या म्हशी दिसायच्या. संध्याकाळी आईला फोन केला की ती जरा उशिरा उचलते, एवढी राजश्रीची तक्रार असायची.

मग पुढच्या वर्षी, गौरी-गणपती होऊन गेल्यावरची एक संध्याकाळ. आम्ही पुण्याला चहा घेत बसलो होतो. दोघांचे फोन एकदमच वाजले. कराडची बेल कोणीतरी दाबली होती.

पडद्यावर एक कपाळ दिसलं. अगदी जवळ, त्यावर मोठं गोंदण. मग ते मागे गेलं आणि चेहरा दिसला. राजश्रीने कप खाली ठेवला.

“ही? ही कशाला आलीय आपल्या फाटकात?”

मला कळलं. मी बोलायचं बटण दाबणार, तोवर कॅनडात रणजितने दाबलं होतं. आम्हाला आता फक्त ऐकू येणार होतं.

“कोण हाय का आत?” रत्नाकाकू खांबाशी बोलत होत्या, धाप लागलेली. “शालननं दार उघडलं न्हाई आज. दिवा लावला न्हाई. मी किती येळ बसले. कोण ऐकतंय का? मी शालनची जाऊ बोलतीय.”

 मग रणजितचा आवाज आला, जरा घोगरा.

“काकू?”

त्या दचकून मागे सरकल्या. “अगं बया! भावजी?”

“काकू, मी रणजित.”

“रणजित व्हय रं! आवाज आगदी भावजींचा आला, भ्याले की मी.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “बाळा, मागल्या दाराची कडी बाहेरनं निघती, मला ठाव हाय. आमी दोघींनीच बसवून घेतली होती ती. पर कोर्टाची मनाई हाय म्हणत्यात. तुझ्या अंगणात पाय ठेवू का?”

“काकू, जा आधी!”

“मागनं म्हणशील…”

“काही म्हणणार नाही. काकू, पाया पडतो तुमच्या, जा.”

त्या गेल्या. फाटक वाजलं. पडद्यावर नुसता रस्ता उरला. एक स्कूटर गेली. इस्त्रीवाला दुकानाची फळी लावत होता. राजश्रीने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती कराडच्या डॉक्टरांचा नंबर शोधत होती. “आई दार रोज उघडते?” तिने विचारलं. “हिला कसं माहीत?” मी म्हणालो, “सांगतो नंतर.”

किती वेळ गेला कोण जाणे. मग धाडकन आवाज आला, लोखंडी पत्रा भिंतीवर आपटल्याचा. तो आवाज मला ओळखता आला. दार सताड उघडलं गेलं होतं, आतून.

आणि कोणीतरी जोराने हाक मारली, “शालन, धर की मला नीट!”

पुन्हा फाटक वाजलं. पडद्यावर रत्नाकाकूंचं गोंदण आलं, मग चेहरा. केस सुटलेले, पदर भिजलेला.

“जित्ती हाय रं! मोरीत घसरली दुपारी, उठता येईना. पाय सुजलाय मोठा. धरून आणली आन उंबऱ्यावर बसीवली. पर तोंड चांगलं चालतंय. मला म्हणती, शपथ माझ्या नवऱ्याची आन पयलं कोण बोललं? तू का बोललीस? मघापासनं भांडाया लागलीया माझ्यासंगं.”

मागून सासूबाईंचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, सूर रागाचा होता.

“आले गं, आले!” रत्नाकाकू मागे वळून ओरडल्या, आणि फाटक उघडंच टाकून गेल्या.

राजश्रीने डॉक्टरांना फोन केला आणि परत माझ्याजवळ येऊन बसली. रणजितचं बटण अजून दाबलेलं होतं, कारण त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. बराच वेळ आम्हाला फोनवर फक्त रस्ता दिसत होता आणि लांबून दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकू येत होतं. तिघांपैकी कोणीच फोन बंद केला नाही.